तिऱ्हाईत

ज्या वस्तू दुसऱ्याला देताना देणाऱ्याच्या खिशाला यत्किंचितही तोशीस पडत नाही, त्यांत सल्ल्याला अग्रस्थान द्यावे लागेल. त्यातून देणारा प्राध्यापक आणि मागणारा त्याचा जुना विद्यार्थी असला, म्हणजे तर विचारावयालाच नको. वर्षानुवर्षे वर्गात उभे राहून बोलण्याची सवय जडलेल्या मनुष्याच्या तोंडून उत्तर आधी बाहेर पडते आणि विचार मागाहून धापा टाकीत येतो. असाच एक सल्ला गेल्या दिवाळीनंतर माझ्या तोंडून निघून गेला. तो परत घेण्यासाठी मला जी यातायात करावी लागली, तिची ही हकीकत आहे.

भाऊबीज होऊन तीन-चार दिवस झाले होते. तुळशीचे लग्न अद्याप लागावयाचे होते, आणि ते लागल्याखेरीज माणसांची लग्ने सुरू होत नाहीत. त्यामुळे आचारी, बँडवाले, मंडपवाले आणि फोटोग्राफर या मंडळींना त्या दिवसांत थोडी उसंत असते. अशा एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. बी. ए. च्या वर्गात तो मागच्या बाकावर बसून वहीच्या समासात चित्रे काढीत असे. इंग्रजी काव्याने त्याचे फारसे कल्याण केले नाही. समासातल्या चित्रांनी मात्र केले. आज जयसिंगपुरात त्याचा स्वतःचा लहानसा स्टुडिओ आहे, आणि शिरोळपासून कुरुंदवाडपर्यंतची लग्ने तो टिपतो.

चहा येईपर्यंत त्याने इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या. मग जरा अवघडून म्हणाला, "सर, एक विचारायचं होतं. लग्नाच्या कामाला लेन्स घ्यायची आहे. कंपनीची घेऊ, का थर्ड पार्टीची?"

प्रश्नाचा अर्थही त्यानेच मला समजावून सांगितला. मंडपातल्या अपुऱ्या उजेडात काम देणारी, आणि वधूच्या चेहऱ्यापासून सबंध मांडवापर्यंत सारे काही टिपू शकणारी अशी २४ ते ७० मिलिमीटरची, एफ २.८ छिद्राची लेन्स त्याला हवी होती. ज्या कंपनीचा त्याचा कॅमेरा होता, त्याच कंपनीची अशी एक लेन्स होती. त्याच कॅमेऱ्यावर बसणारी, पण दुसऱ्याच कारखान्याने बनविलेली अशीही एक लेन्स बाजारात होती. पहिलीची किंमत दुसरीच्या दुपटीहून अधिक होती. या दुसऱ्या प्रकारच्या लेन्सला बाजारात 'थर्ड पार्टी' म्हणतात. आपल्या भाषेत अशा परक्याला एक चांगला जुना शब्द आहे : तिऱ्हाईत.

"मूळ कंपनीचीच घे," मी तत्काळ म्हणालो. "अशा बाबतीत काटकसर करू नये. शेवटी नाव ते नाव."

"बरं, सर," तो म्हणाला. "तुम्ही म्हणताय तर तसंच करतो. बायकोचं सोनं ठेवावं लागेल बँकेत. पण हा सीझन नीट गेला तर पाडव्यापर्यंत सुटेल."

उद्या पाऊस पडेल असे वाटते, हे ज्या स्वरात सांगावे त्याच स्वरात त्याने हे सांगितले. मग चहा संपविला, वाकून नमस्कार केला, आणि तो गेला. कपबश्या उचलता उचलता आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, तुम्हांला लेन्समधलं काय कळतं हो?"

मी वर्तमानपत्र उचलले आणि तोंडापुढे धरले. ते उलटे धरले नव्हते, इतकेच. वाचले मात्र काही नाही.

खरोखर, मला त्यातले काय कळत होते? फोटो काढण्याचे यंत्र म्हणून माझ्या हाती लहानपणी जे आले ते वडिलांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा. वडील शाळामास्तर होते. एका रोलात बारा फोटो निघत. त्यांतला प्रत्येक फोटो काढताना ते स्वतः श्वास रोखून धरीत आणि आम्हांलाही धरावयास लावीत. आग्फा हे नाव जर्मन, म्हणून कॅमेरा जर्मन, ही आमच्या घरातली श्रद्धा होती. पाहुण्यांच्या हाती तो देताना वडील फक्त "जर्मन आहे" एवढे दोनच शब्द उच्चारीत, आणि पाहुणे तो अधिक जपून धरीत. वडील गेल्यानंतर कपाट आवरताना तो पुन्हा माझ्या हाती आला. मी चष्मा लावून त्याच्यावरची अक्षरे वाचली. कॅमेरा बडोद्याचा होता. तेथल्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कारखान्याने तो बनविला होता. नाव जर्मनीचे आणि हात बडोद्याचे! क्षणभर मला वडिलांची कीव आली. मग त्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो मी पुन्हा पाहिले. आई त्यांत होती तशीच पंचविशीची आणि हसरी होती. तिच्या चेहऱ्यावरचे काही त्या शोधाने कमी झाले नव्हते.

परंतु सवयी शोधांनी जात नाहीत. माझ्या पुस्तकांच्या कपाटात आजही पुढच्या रांगेत विलायती प्रकाशकांच्या आवृत्त्या आहेत. आणि ज्या टिपणांवरून मी परीक्षा दिल्या, ती पुण्याला आणि कोल्हापूरला छापलेली पुस्तके मागच्या रांगेत आहेत. पाहुण्याला पुढची रांग दिसते, मागची मलाच ठाऊक. "मूळ कंपनीचीच घे" हे उत्तर माझ्या ज्ञानातून आले नव्हते. ते या कपाटातून आले होते. जी वस्तू आपण स्वतः पारखलेली नसते, तिच्याबद्दल बोलावयाचे झाले की आपण तिचे नाव पुढे करतो. नाव ही न पाहणाऱ्याची सोय आहे. सोय म्हणून ती वाईट नाही. सगळ्याच गोष्टी पारखीत बसावयास आयुष्य पुरणार नाही. पण येथे सोय माझी होत होती आणि सोने दुसरीचे जाणार होते.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी मी त्याला फोन केला.

"बँकेत जाऊन आलास का?"

"आज जाणार होतो, सर."

"आठ दिवस थांब."

त्याने कारण विचारले नाही. मला त्या विश्वासाचे ओझेच वाटले.

ते आठ दिवस मी एम. ए. च्या परीक्षेपूर्वी जसा अभ्यास केला होता तसा अभ्यास केला. त्यात पहिली गोष्ट मला उमगली ती ही, की 'ज्याचा कॅमेरा त्याचीच लेन्स' हा आग्रह मुळात फार जुना नाही. १९०२ साली जर्मनीत त्साइसच्या कारखान्यात पाउल रुडॉल्फ यांनी चार भिंगांची टेसार नावाची लेन्स रचली. पुढे कित्येक वर्षे कॅमेरा एका घरचा आणि त्यावरची टेसार दुसऱ्या घरची, हाच रिवाज होता. कित्येक कारखान्यांनी तर परवाना काढून ती आपल्याकडे बनविली. १९२९ साली निघालेला रोलायफ्लेक्स हा जगभरच्या फोटोग्राफरांचा लाडका कॅमेरा. त्याच्याही कपाळावर डोळा असे तो बहुधा त्साइसचाच. सर्वांत मौज वाटली ती जपानातल्या हकिकतीची. कॅनन कंपनीने आपला पहिला विक्रीचा कॅमेरा, हान्सा कॅनन, १९३६ साली बाजारात आणला तेव्हा त्यावरची लेन्स होती निक्कोर, म्हणजे निप्पॉन कोगाकूची; आणि निप्पॉन कोगाकू म्हणजेच आजची निकॉन. आज ज्या दोन घराण्यांचे भक्त एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नाहीत, त्यांतल्या एका घराण्याने जग प्रथम पाहिले ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी!

दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांसाठी लेन्स बनविणे हाच ज्यांनी मुख्य धंदा केला, ते कारखानेही काही काल-परवाचे नव्हेत. टॅमरॉनची स्थापना १९५० सालची; तिचे नाव तामुरा नावाच्या भिंगतज्ज्ञावरून घेतलेले आहे. सिग्मा १९६१ सालची. तिच्या लेन्स आजही जपानातल्या आइझु येथेच तयार होतात. साठ-सत्तर वर्षे एकाच कामात घालविलेल्या घराला परके म्हणावे, पण नवखे म्हणता येणार नाही.

आणि जपान-जर्मनीपर्यंत तरी कशाला जावयास हवे? कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळ कॅमेऱ्याचा स्मृतिस्तंभ उभा आहे. त्याच्यावरून मी शेकडो वेळा गेलो असेन, पण त्याच्यापुढे थांबलो तो या आठ दिवसांत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाबूराव पेंटर यांना चित्रपट काढावयाचा होता. कॅमेरा विलायतेचा, आणि तो मिळणे दुरापास्त. तेव्हा या चित्रकाराने विष्णुपंत दामल्यांसारख्या हुन्नरी सोबत्यांच्या साह्याने कॅमेरा कोल्हापुरातच घडविला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. आणि त्याच कंपनीत तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम या मंडळींनी आणखी दोघांसह १९२९ साली कोल्हापुरातच 'प्रभात' उभी केली. तुमचा कॅमेरा मूळ कंपनीचा आहे काय, असे बाबूरावांना कोणी विचारले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते, याचा विचार करीत मी त्या स्तंभापुढे थोडा वेळ उभा राहिलो.

एवढ्यावर मी अभ्यास आटोपता, तर दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो असतो. नावे म्हणजे निव्वळ थोतांड, तिऱ्हाईत लेन्सच घे, असे त्याला सांगून मोकळा झालो असतो. आणि तो सल्लाही पहिल्याइतकाच उतावळा ठरला असता. कारण जुन्या लेन्सला कॅमेऱ्याशी बोलावे लागत नसे. ती जागेवर बसली, फिरविली, की काम झाले. आजच्या लेन्सला बोलावे लागते. तिच्या बुडाशी सोनेरी ठिपक्यांची एक ओळ असते. त्या ठिपक्यांतून कॅमेरा तिला आज्ञा देतो : छिद्र एवढे लहान कर, भिंग तेवढे पुढे सरकव; आणि ती उत्तर देते. हा संवाद एका सेकंदात कित्येक वेळा घडतो. ही भाषा कॅमेरा बनविणाऱ्या कंपनीची असते, आणि तिचे व्याकरण ती सहसा घराबाहेर जाऊ देत नाही. तिऱ्हाईत कारखान्यांनी पुष्कळ वर्षे ही भाषा नुसती कान देऊन, चाचपडत आत्मसात केली. त्यामुळे कंपनीने नवा कॅमेरा काढला आणि भाषेत एखादा नवा शब्द आला, की जुन्या तिऱ्हाईत लेन्सची दातखीळ बसे. कॅननचे डिजिटल कॅमेरे निघाले तेव्हा सिग्माच्या काही जुन्या लेन्स त्यांवर चालेनात; कॅमेऱ्यावर चूक क्रमांक ९९ अशी सूचना उमटे आणि सारे ठप्प होई. ऐन मंगलाष्टकांत असे झाले तर?

अलीकडे हे चित्र पालटत आहे. सोनीने २०११ साली आपल्या ई माउंटची मूलभूत माहिती इतर कारखान्यांना खुली केली. कॅननने २०१८ साली आर एफ माउंट काढला आणि त्याचे दार पुष्कळ वर्षे बहुतांशी लावूनच ठेवले. पण २०२४ च्या एप्रिलमध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांनी त्याच माउंटसाठी परवान्याने बनविलेल्या लेन्स जाहीर केल्या. काल जो उंबऱ्याबाहेरचा होता तो आज चिठ्ठी मिळताच पाहुणा झाला. त्याच्या हातातली कला मात्र कालही तीच होती.

हे वाचीत असता मला एकाएकी हसू आले, आणि सौभाग्यवतींनी आतून विचारले, काय झाले म्हणून. काय सांगणार? मराठी शाळेत शिकलेला, पाचवीत गेल्यावर इंग्रजी मुळाक्षरे गिरविलेला, ती भाषा तिच्या घरी कधी न जाता पुस्तकांतून आणि रेडिओवरून ऐकून ऐकून शिकलेला मी. विलायती कॅमेऱ्यावर बसविलेली देशी लेन्स! कोणत्या नामापूर्वी कोणते उपपद लावावे हे मला आजही नियमाने कळते, कानाने नव्हे. एखाद्या चर्चासत्रात तिकडचा एखादा विद्वान नवा वाक्प्रचार सहज फेकतो, तेव्हा माझ्याही कपाळावर ९९ हा आकडा उमटत असला पाहिजे. तरीही इतकी वर्षे शिरोळ तालुक्यातल्या मुलांनी माझ्यातून शेक्सपिअर पाहिला, आणि तो अगदीच पुसट दिसला अशी तक्रार अजून माझ्या कानी आलेली नाही. जो स्वतः तिऱ्हाईत असून आपले बरे चालले आहे असे समजतो, त्यानेच दुसऱ्या तिऱ्हाईताला दाराबाहेर उभे करावे, याला काय म्हणावे?

पण हसून प्रश्न सुटत नव्हता. वाचून मला दोन्ही बाजू कळल्या होत्या. या दोन लेन्सपैकी कोणती, हे कळले नव्हते. तेव्हा मला माझाच धंदा आठवला. विद्यापीठाची उत्तरपत्रिका तपासताना परीक्षकापुढे विद्यार्थ्याचे नाव येत नाही. एवढी साधी खबरदारी आम्ही पोरांच्या गुणांसाठी घेतो. मग सोन्यासाठी का घेऊ नये? आमच्या गावाला तर ही रीत अपरिचित नाही. शाहू महाराजांनी हे गाव आखून वसविले आणि त्याला आपल्या वडिलांचे नाव दिले. पण गावातल्या गल्ल्या क्रमांकांनीच ओळखल्या जातात, आणि त्यामुळे कोणाचे घर चुकल्याचे ऐकिवात नाही. लेन्सनाही क्रमांक द्यावा आणि परीक्षेस बसवावे, असे मी ठरविले.

त्याला ही कल्पना फारच आवडली. एक लेन्स त्याने कोल्हापूरच्या एका मित्राकडून मागून आणली, दुसरी सांगलीहून एका दिवसाच्या भाड्याने. परीक्षाकेंद्र म्हणून आम्ही खिद्रापूर निवडले. कोपेश्वराचे ते बाराव्या शतकातले देवालय आमच्याच तालुक्यात आहे. त्याच्या पुढच्या स्वर्गमंडपात अठ्ठेचाळीस खांब आहेत. छताच्या मधोमध वर्तुळाकार मोकळी जागा आहे, आणि तिच्या बरोबर खाली तशीच वाटोळी शिळा आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या वर्तुळावर येतो, तो पाहावयास लांबलांबून लोक येतात. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. आम्ही गेलो ते सकाळी, आणि आमचे काम चंद्राशी नव्हते. वरून पडणारा लख्ख उजेड आणि खांबांमागचा काळोख यांच्याशी होते. लग्नाच्या मंडपातही हाच झगडा असतो, असे तो म्हणाला.

तीन प्रश्नपत्रिका काढल्या. पहिली, तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून खांबावरची नक्षी टिपणे. दुसरी, तोंडावर उजेड घेऊन फोटो काढणे. तिसरी सर्वांत अवघड : त्याचा दहा वर्षांचा पुतण्या काळोखातल्या खांबांमधून कॅमेऱ्याकडे धावत येणार, आणि लेन्सने धावत्या चेहऱ्यावर नजर स्थिर ठेवावयाची. प्रत्येक लेन्सने वीस फोटो. पोराला ही परीक्षा इतकी आवडली की काम संपल्यावरही तो धावतच होता.

मग आम्ही पायरीवर बसून डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडता मोडता तो म्हणाला, "सर, आमचे वडील इचलकरंजीत मागावर होते. विणलेलं कापड कोरंच बाहेर जायचं. रंग दुसऱ्या गावी, नाव तिसऱ्या गावी. एकदा दिवाळीला मला शर्ट घ्यायला ते मोठ्या दुकानात घेऊन गेले. कापड बोटांत धरून हळूच म्हणाले, हे आपल्याकडचंच विणकाम दिसतंय. पण दुकानदाराला काही बोलले नाहीत."

"का बरे?"

"बोलून काय, सर? किंमत कापडाची नव्हतीच, नावाची होती."

मी थोडा वेळ गप्प राहिलो. मग विचारले, "हे सारे तुला ठाऊक होते. मग मी मूळ कंपनीचीच घे म्हणालो, तेव्हा तू काही बोलला का नाहीस?"

तो जरासा लाजला. "तुम्ही सांगितलंत, सर."

घास माझ्या हातातच राहिला. कंपनीच्या नावाने तो मुळीच भुलला नव्हता. ज्या नावावर तो बायकोचे सोने गहाण टाकावयास निघाला होता, ते नाव माझे होते. लेन्सच्या कंपनीने निदान भिंगे घासून, जोडून, तपासून आपले नाव त्यांवर घातले होते. मी काहीच न करता घातले होते.

दोन दिवसांनी त्याने छापील फोटो आणले. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने केवळ क्रमांक होता. कोणता क्रमांक कोणत्या लेन्सचा, हे एका बंद पाकिटात. परीक्षक म्हणून आम्ही सौभाग्यवतींना नेमले. त्यांना या विषयातले काही कळत नाही, ही त्यांची मुख्य पात्रता. त्यांनी चष्मा पुसून काम सुरू केले. नक्षीच्या फोटोंत त्यांना काही फरक दिसला नाही. मलाही नाही, आणि त्यालाही भिंग लावून पाहावे लागले. उजेडाच्या फोटोंतून त्यांनी तीन बाजूला काढले. "यांत कडेला हिरवट डाग आहे," त्या म्हणाल्या. धावत्या पुतण्याच्या चाळीस फोटोंचे त्यांनी स्पष्ट आणि अस्पष्ट असे दोन ढीग केले. एका फोटोशी मात्र त्या उगाच रेंगाळल्या. "काय खोडकर हसतोय!" एवढेच म्हणाल्या, आणि तो फोटो तिसरीकडेच ठेवला.

पाकीट फोडले. हिरवट डागांचे तिन्ही फोटो तिऱ्हाईत लेन्सचे निघाले. धावत्या वीस फोटोंपैकी कंपनीच्या लेन्सने अठरा स्पष्ट टिपले होते, तिऱ्हाईत लेन्सने पंधरा. खोडकर हसण्याचा फोटो तिऱ्हाईत लेन्सचा होता. पण ते पुण्य लेन्सचे नव्हे, पोराचे, हे मी परीक्षक असल्यामुळे मान्य करतो.

मला खोटे कशाला सांगा, मी मनातून हिरमुसलो. आठ दिवसांत मी नकळत तिऱ्हाइताचा वकील बनलो होतो, आणि माझा अशील हरला होता. नाव अगदीच पोकळ नव्हते. त्याच्या पाठीमागे वीसांत तीन फोटोंइतके काही तरी होते. आता सोने जाणारच, असे मला वाटले. पण ज्याचा धंदा त्याचा हिशेब निराळा असतो. त्याने दोन ढिगांकडे शांतपणे पाहिले आणि म्हणाला, "काकू, वीसांत पंधरा म्हणजे वाईट नाही. मी एका क्षणाला पाच फोटो काढतो. त्यांतला एक चांगला असला की झालं. डाग टाळायला कुठं उभं राहायचं ते आता कळलं. मला भीती निराळीच आहे."

"ती कसली?" मी विचारले.

"माझ्याकडं कॅमेरा एकच आहे, सर. तो ऐन अक्षतांच्या वेळी बंद पडला तर अठराही नाहीत आणि पंधराही नाहीत. लग्न काही दुसऱ्यांदा लागत नाही. साठवलेल्या पैशांत ही दुसरी लेन्स बसते. मित्राकडं जुना कॅमेरा आहे, तो हप्त्यानं देतो म्हणालाय. तो जोडीला ठेवतो. सोनं घरातच राहू दे."

"आणि कंपनीची लेन्स?"

"घेणार की, सर. त्या तीन फोटोंची किंमत परवडेल तेव्हा."

नावाची किंमत इतकी नेमकी मोजलेली मी तोवर ऐकली नव्हती. मी आठ दिवस ग्रंथ धुंडाळून 'मूळ की तिऱ्हाईत' या प्रश्नाला उत्तर शोधीत होतो. त्याने प्रश्नच बदलून टाकला. माझ्यापुढे दोन लेन्स होत्या. त्याच्यापुढे एक लग्न होते, आणि त्या लग्नात आपल्यावर विसंबलेली दोन घरे होती. त्याचे काम उद्या वेगळे असते, डोंगरातले पक्षी टिपण्याचे किंवा मैदानावरचे खेळ टिपण्याचे, तर त्या तीन फोटोंसाठी त्याने आनंदाने दुप्पट पैसे मोजले असते, आणि तेही बरोबरच ठरले असते.

तो गेल्यावर मी त्या शब्दाचा विचार करीत बसलो. आपल्याकडे तिऱ्हाईत म्हणजे परका, ज्याचा संबंध नाही असा. पण दोघांचे भांडण जुंपले की निवाड्याला बोलावतात तोही तिऱ्हाईतच, कारण त्याचे त्यात काही गुंतलेले नसते. माझ्या पहिल्या सल्ल्यात मी या शब्दाच्या पहिल्या अर्थाने तिऱ्हाईत होतो : माझे काही जाणार नव्हते, म्हणून मी बेफिकीर होतो. दुसऱ्या अर्थाने तिऱ्हाईत होण्यासाठी खिद्रापूरच्या पायरीवर बसून भाकरी खावी लागली. या साऱ्या व्यवहारातला खरा थर्ड पार्टी कोण, हे मला आता ठाऊक आहे. आणि तो जपानात राहत नाही.

ज्येष्ठात लग्नांची धामधूम संपल्यावर तो पुन्हा आला. हप्ते फिटत आले होते. त्याने आम्हां उभयतांना अंगणात तुळशीजवळ उभे केले आणि एक फोटो काढला. तो आता आमच्या दिवाणखान्यात आहे. येणारे पाहुणे विचारतात, फोटो कोणी काढला? मी त्याचे नाव सांगतो. हे नाव मात्र मी पारखून घेतलेले आहे.

आणि हल्ली कोणी सल्ला मागावयास आले, की मी तोंड उघडण्यापूर्वी आतून प्रश्न येतो, "आधी विचारा, सोनं कुणाचं जाणार आहे?"